बैठकीतली काळी पट्टी

रज्जाकभाई बीडहून एसटीनं आले तेव्हा मी आडावरून घागर घेऊन येत होते. त्यांच्या खांद्याला गोणपाटाची पिशवी होती आणि ते चालायला लागले की पिशवीत लोखंडावर लोखंड वाजायचं. त्यांनी मला विचारलं, ‘बेटी, नवं घर बांधायलेत ते कुणाचं?’ मी मान खाली घालून नुसतं बोट दाखवलं. घर आमचंच होतं, पण ‘आमचं’ एवढा शब्दही माझ्या तोंडातून निघाला नाही. मी अशीच होते. शाळेत गुरुजींनी नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणेपर्यंत ते पुढच्या मुलीवर गेलेले असायचे. चौथी झाली, पाचवीची शाळा तलवाड्याला होती आणि घरच्या मेंढरांमागं कुणीतरी हवं होतं, म्हणून मी घरीच राहिले. मेंढरांशी मात्र मी पुष्कळ बोलायचे.

आमचं घर म्हणजे दोन भावांचं एक घर. थोरले आबा, माझे चुलते. धाकटे माझे वडील, त्यांना मी दादा म्हणायचे. गावात आबांचं वजन होतं. पंचायतीत कुणाला उभं करायचं ते आमच्या ओसरीवर ठरायचं. कुणाला बैल घ्यायचा असला तर तो आबांना बाजारात सोबत न्यायचा, कारण आबांना कुणी फसवू शकत नाही असं सगळे म्हणायचे, आणि आबा ते म्हणू द्यायचे. दादा शेतात. आबांपुढं ते कधी मान वर करून बोलल्याचं मला आठवत नाही. आबांच्या बायकोला मी मोठी आई म्हणायचे. तिला मूलबाळ नव्हतं. मी चालायला लागल्यापासून तिच्याच अंथरुणात झोपले, तिच्याच हातची वेणी घातली. आई यावर कधी काही बोलायची नाही, पण मोठी आईच्या मांडीवर मी डोकं ठेवलं की आईच्या हातातलं भांडं जरा जोरात खाली ठेवलं जायचं. चूल एक होती. सकाळी एक जण भाकरी थापायची, दुसरी भाजायची, आणि थापण्याच्या आवाजावरून मला अंथरुणातच कळायचं की आज थापणारी कोण आहे. आईचा हात भराभर पडायचा. मोठी आई मधेच थांबायची, काहीतरी बोलायची, मग परत थाप.

नवं घर जुन्याच्या शेजारी उभं राहत होतं. मधे लांबरुंद बैठक, उत्तरेला आबांच्या खोल्या, दक्षिणेला आमच्या, मागं एक स्वयंपाकघर. खोल्यांना शहाबादी फरशी, आणि बैठकीला पांढरी गुळगुळीत स्टाईल. गावात तिला सगळे स्टाईलच म्हणायचे, अजूनही म्हणतात. तोवर आमच्या गावात कुणाच्या घरात ती नव्हती. आबांनी मोठी आईला सोबत घेऊन ती स्वतः बीडला जाऊन आणली, आणि ट्रक उतरवताना जमलेल्या लोकांना सांगितलं, ‘एक नंबरचा माल हाय. दुकानदार दुसराच गळ्यात मारायलता, म्या म्हणलं, माणूस बघून बोल.’ लोक हसले. त्या बैठकीत पहिलं लग्न माझं लागेल असं मोठी आई मला सांगायची. पाहुणे कुठं बसतील, चूल कुठं मांडायची, हे ती भिंती छातीएवढ्या असल्यापासून ठरवत होती.

मला रज्जाकभाईंच्या हाताखाली पाणी द्यायला ठेवलं. बसवण्याआधी फरशी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर ती सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि पुढं पोकळ वाजते. मी लोखंडी घंगाळात फरश्या बुडवायच्या, बुडबुडे यायचे थांबले की काढून भिंतीला टेकवायच्या. पण पहिले दोन दिवस त्यांनी एकही फरशी चिकटवली नाही. त्यांनी खोलीचे कोपरे काटकोनाचा गुण्या लावून तपासले आणि गवंड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘खोली गुण्यात न्हाई, तिरकी हाय. आता स्टाईलनं तिची लाज झाकायची.’ मग निळीत बुडवलेलं सूत घेतलं, एक टोक मला धरायला लावलं, दुसरं आपण धरलं, आणि मधे चिमटीनं उचलून सोडून दिलं. टप्प असा आवाज झाला आणि जमिनीवर निळी सरळ रेघ उमटली. मी आयुष्यात एवढी सरळ वस्तू पाहिली नव्हती.

त्या रेघेवर त्यांनी फरश्या कोरड्याच मांडून पाहिल्या. दारातून आत येणाऱ्या माणसाला समोर पूर्ण फरशी दिसली पाहिजे. तुकडे यायचेच, पण ते मागच्या भिंतीकडं, जिथं पलंग नाहीतर कणगी येईल. दोन फरश्यांच्या मधे काडेपेटीची काडी, म्हणजे फट सारखी. त्यांनी मला सहज विचारलं, ‘सांग बेटी, अशी ओळ नेली तर तिकडं कोपऱ्यात काय येईल?’ आणि मी डोळे मिटले तर मला ती सगळी बैठक दिसली, ओळी पुढं सरकताना, खांबाला वळसा घालताना, कोपऱ्यात जाऊन अंगठ्याएवढी चिरोटी उरताना. मी म्हटलं, ‘लई बारीक तुकडा उरंल. अर्धी फरशी मागं घ्या, मग दोनी कडंला चांगले तुकडे येतील.’ इतकं लांब वाक्य मी परक्या माणसाशी पहिल्यांदाच बोलले होते. त्यांनी फरश्या मागं घेतल्या. त्यात नवल काही नाही. मोठी आईसोबत मी लहानपणापासून गोधड्या शिवत होते, आणि तिथंही चिंध्या आधी जमिनीवर मांडूनच बघायच्या असतात.

आता माझ्या मुलाच्या घरासाठी गेवराईला फरशी बघायला गेलो होतो, तर दुकानातल्या मुलीनं खोलीचं माप घालून पडद्यावर आख्खी बैठक उभी करून दाखवली. बोट लावलं की फरशी बदलायची, रंग बदलायचा, सोफासुद्धा होता. सून हरखून गेली. मला कुणाला सांगवलं नाही की त्या पडद्यावर सगळी खोली गुण्यात होती, म्हणून तो मला खरा वाटेना.

रज्जाकभाई आल्याच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी घंगाळात मला ते दिसलं. दोन वेगवेगळ्या डब्यांतल्या फरश्या मी एकाच वेळी पाण्यात टाकल्या होत्या. वर कोवळं ऊन होतं. एक फरशी दुधासारखी होती, आणि दुसरी त्याच दुधावर साय धरावी तशी, किंचित पिवळी. एकेक बघितली तर दोन्ही पांढऱ्याच. शेजारी ठेवल्या की मात्र डोळ्यांत खुपत होतं. मी रज्जाकभाईंना दाखवलं. त्यांनी दोन्ही फरश्या हातात घेतल्या, उन्हाकडं धरल्या, दाराकडं एकदा बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाले, ‘आँख तेज हाय तेरी. पर किसकू बोलना नक्को. तुज्या आबांना म्या सांगतो.’

मी कुणाला बोलले नाही. न बोलणं मला जमायचंच. पण त्या वेळेपासून माझ्या मनात काहीतरी शिरलं. जी गोष्ट सरळ आहे ती दाराकडं बघून कुणी कशाला सांगेल? संध्याकाळी आबा आणि रज्जाकभाई लिंबाखाली उभे राहून कितीतरी वेळ बोलत होते. आबांचा हात सारखा हलत होता, उत्तरेकडं, मग दक्षिणेकडं. मी घागर घेऊन जवळून गेले तसे दोघं गप्प झाले. आबा मला बघून गप्प झाले असं आधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत काळी पट्टी आली. वीतभर रुंदीच्या काळ्या फरश्यांची एक ओळ, समोरच्या भिंतीपासून मागं स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत. कोरड्या मांडणीत ती नव्हती. आणि ती मधोमधही नव्हती. आमच्या खोल्यांच्या अंगाला सरकलेली होती. ज्या माणसानं कोपऱ्यात चिरोटी उरू नये म्हणून आख्खी मांडणी अर्धी फरशी मागं घेतली, तो अशी वाकड्या जागी पट्टी घालेल? घराचं नाक एका गालावर बसवावं तसं ते दिसत होतं. मी विचारलं, ‘ही मधी कावून न्हाई?’ रज्जाकभाई रबरी हातोडीनं ठोकत राहिले. ठोकताना नुसतं म्हणाले, ‘मालकाला इचार.’

त्याच आठवड्यात मामा आले, आईचे भाऊ, युसूफ वडगाव या गावचे. त्यांची आपल्या भावांशी वाटणीची केस कोर्टात चालू होती, त्यामुळं त्यांना जगात दुसरं काही दिसतच नव्हतं. हुलग्याच्या शेंगोळ्यांवर लिंबू पिळता पिळता ते आईला म्हणाले, ‘चल बाई, तुजं नवं घर दाव.’ मी, आई आणि मामा बैठकीत गेलो. रज्जाकभाई जेवायला बसले होते. मामा त्या पट्टीपाशी उभे राहिले, चप्पल काढली, आणि पावलाला पाऊल लावून आधी उत्तरेचा भाग मोजला, मग दक्षिणेचा. मग आईकडं बघून हसले.

‘अक्का, ही काय हाय?’

‘पट्टी हाय. डिझाइन म्हनं.’

‘डिझाइन? अगं ह्यो बांध हाय, बांध! शेतात घालत्यात तसा. आज फरशीत घातला, उद्या त्याच्यावर भिंत येईल. आन् बघ, बांध कुठं सारलाय. तुमच्या वाट्यात. थोरल्यानं घर बांधतानाच वाटणी करून ठिवली.’

आईचा चेहरा उतरला. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्याच्या मागच्या भिंतीला पांढऱ्या फरश्या लागल्या होत्या, आणि त्यांत फळांच्या चित्राच्या दोन फरश्या होत्या, एका टोकाला द्राक्षं, दुसऱ्या टोकाला आंबा. आईनं दोन्ही चित्रांवर बोट ठेवून बघितलं. मग म्हणाली, ‘दोन चित्रं कशापायी? एका चुलीला एक पुरलं असतं.’ मामा म्हणाले, ‘आता तुज्याच ध्यानात यायलंय.’ त्या दिवसापासून आईनं मला बैठकीत जायचं बंद केलं. म्हणाली, ‘त्या मुसलमानाला नि तुज्या आबाला पाणी द्यायला दुसरं कुनी बघतील. तू मेंढरांमागं जा.’ त्यामुळं पट्टीच्या दोन्ही बाजूंची राहिलेली फरशी कोणत्या डब्यातली लागली ते मी पाहिलंच नाही.

पुढचे दिवस मला नीट आठवतात, कारण त्या दिवसांत घरातले आवाज बदलले. भाकरी थापताना बोलणं बंद झालं. मोठी आई थांबून काही म्हणायची, आई ‘हं’ म्हणायची, आणि तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज तेवढा यायचा. दूध तापलं की आई साय कुणाच्या वाटीत जाते ते बघायची. मोठी आईनं आबांच्या ताटात दोन मिरच्या जास्त वाढल्या तरी आईच्या भुवया वर जायच्या. दादा शेतातून आले की आधी नव्या घरात जायचे, एकटेच, आणि त्या पट्टीपाशी उभे राहायचे. आबा आले की ते खांबाला हात लावून प्लास्टर बघितल्यासारखं करायचे. मोठी आईनं मला विचारलं, ‘तुजी आई रुसली का गं माज्यावर?’ मी ‘न्हाई’ अशी मान हलवली. आणि मग तिच्याकडंही संशयानं बघितलं. हिला माहीत आहे का? माहीत असून विचारते का? ज्या बाईच्या पदराखाली मी वाढले, तिच्या साध्या प्रश्नाला मी उलटून पालटून बघत होते. अजून त्या नजरेची मला शिसारी येते. ती नजर एकदा आली की घरातल्या प्रत्येक वस्तूला मागची बाजू दिसायला लागते.

आईचं मन जरा हलकं व्हावं म्हणून मी तिला ते दोन पांढऱ्यांचं सांगितलं. मला वाटलं होतं, फरश्या दोन जातीच्या निघाल्या म्हणून मधे पट्टी घातली असेल, हे तिलाही पटेल. गोधडीत एकाच रंगाची दोन लुगडी असली, एक नवं आणि एक विटलेलं, तर मधे दुसऱ्या रंगाची पट्टी टाकतात, म्हणजे नजर एकावरून दुसऱ्यावर सरळ जात नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘म्हंजे चांगला माल त्यांच्याकडं, आन् पिवळा आपल्याकडं. बरं झालं सांगितलं.’ तिनं ते दादांना सांगितलं. दादा जेवता जेवता थांबले. मला म्हणाले, ‘तू तुज्या डोळ्यानं बघितलं?’ मी हो म्हटलं. ‘मग पिवळी कुठं लागली?’ ते मला माहीत नव्हतं. फरशीवर सिमेंटचा पांढुरका थर, वर वाळू, त्यावर गोणपाटं. दादा म्हणाले, ‘मला ठावं हाय कुठं लागली ते.’ आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

वास्तुशांतीच्या दिवशी फरशी धुतली. दाराला आंब्याचं तोरण लावलं. होम झाला, धूर वर कोरड्या छताला लागून परत खाली आला. मागं चुलवणावर येसराची आमटी उकळत होती आणि तिचा वास आख्ख्या आळीत पसरला होता. पुरणाच्या पोळ्या मोठी आई आणि आई दोघी लाटत होत्या, पाठीला पाठ लावून. रज्जाकभाई आले होते, नवा पांढरा शर्ट घालून, दाराजवळ अंग चोरून बसले होते. पंगत बैठकीतच मांडली. गावातली सगळी माणसं यायला लागली तसे मामा दारात उभे राहून आमच्याकडच्या पाहुण्यांना हाताला धरून पट्टीच्या दक्षिणेला बसवू लागले. इकडं गर्दी झाली, तिकडं पत्रावळी मोकळ्या राहिल्या.

आबा हसत म्हणाले, ‘पाव्हणं, दाटीवाटीनं कावून बसायलेत? हिकडं या की, मोकळं हाय.’

मामा म्हणाले, ‘न्हाई बरं का. जेवायच्या वेळी बांध कशाला वलांडायचा!’

दोघं-तिघं हसले, पण लगेच थांबले. आबांनी विचारलं, ‘कसला बांध?’

मामांनी दादांकडं बघितलं. दादांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी तो खाली ठेवला. मला वाटलं ते काही बोलणार नाहीत, कधीच बोलत नव्हते. पण ते म्हणाले, ‘आबा, एक इचारू? ह्या पट्टीवर भिंत कवा घालायची?’

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते गोंधळले, लाल झाले, मग त्यांनी रज्जाकभाईंकडं पाहिलं, आणि रज्जाकभाईंनी मान खाली घातली. ते बघणं सगळ्यांनी बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी होती, ती मोठ्यानं म्हणाली, ‘बोला की आता! पिवळ्या फरश्या आमच्या नशिबी, दुधासारख्या तुमच्या. लेकीनं माज्या समदं बघितलंय!’ सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

तिथं उभं राहणं मला शक्य नव्हतं, म्हणून मी मागच्या दारानं बाहेर गेले. मागच्या भिंतीला उरलेल्या फरश्या टेकून ठेवल्या होत्या. मी पळून जाण्यासाठी आले होते, पण त्या फरश्या समोर होत्या. मी दोन उचलल्या, उन्हात शेजारी धरल्या. दोन्ही सारख्या. आणखी दोन. मग एक सापडली, साय धरलेली. ती पोटाशी धरून मी परत आत आले. त्या क्षणी मला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. मला फक्त बघायचं होतं. आईचं म्हणणं खरं निघालं तर माझी मोठी आई मला कायमची परकी होणार होती, आणि तरी न बघता मला राहवलं नसतं.

मी पट्टीच्या दक्षिणेला, आमच्या बाजूला, दोन पत्रावळींच्या मधे ती फरशी जमिनीवर ठेवली. मला वाटलं होतं ती खालच्या फरशीत मिसळून जाईल. ती मिसळली नाही. धुतलेल्या धोतरावर हळदीचा हात लागावा तशी ती वेगळी दिसली. मी ती उचलली, पट्टी ओलांडली, आणि आबांच्या बाजूला ठेवली. तिथं ती दिसेनाशी झाली. कडा कुठं आहे ते बोटानं चाचपावं लागलं.

कुणाला काही कळलं नाही. मोठी आई पुढं आली, वाकून बघितलं, फरशी परत उचलून आमच्या बाजूला ठेवली, परत आपल्या बाजूला. मग ती कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि आईला म्हणाली, ‘बघ बाई. वंगाळ माल माज्या दारात हाय. तुज्या दारात न्हाई.’

तेव्हा रज्जाकभाई बोलले. उभे राहून, हात जोडून, ते आबांच्या नाही तर दादांच्या समोर आले. म्हणाले, ‘मालक, दुकानदारानं दोन जातीचे डबे भरून दिले. पिवळे जास्त निघाले, म्हणून पट्टी सरकली. म्या म्हणलं वापस करू. आबा म्हणले, गावाला सांगून बसलोय एक नंबर हाय म्हणून, आता परत केलं तर हसतील. चांगला माल धाकट्याकडं टाक म्हणले, पिवळा माज्याकडं. मधी काळी पट्टी मार, कुनाला कळायचं न्हाई. बोलू नको म्हणून मला शपथ घातली हुती. आज मोडली.’

‘आन् ती फळं?’ आईनं विचारलं, पण आता आवाज बारीक झाला होता.

‘दुकानात दोनच चित्रं हुती,’ मोठी आई म्हणाली, ‘मला दोनी आवडली.’

मामा द्रोणात बघत बसले. गर्दीत मागं कुणीतरी हळूच म्हणालं, ‘म्हंजे आबासुदिक फसले!’ आणि कुणीतरी खुसकन हसलं. आबांनी ते ऐकलं. ज्या एका वाक्यासाठी त्यांनी एवढं झाकलं होतं ते त्यांच्याच बैठकीत, त्यांच्याच अन्नावर बसून म्हटलं गेलं. दादा खाली वाकले, आबांच्या पायाला हात लावायला. आबांनी पाय मागं घेतला.

‘फसलो,’ आबा म्हणाले. ‘दुकानदारानं फसवलं त्याचं मला काय वाटत न्हाई. त्यो परका.’ मग दादांकडं बघून म्हणाले, ‘तू भिंत म्हणालास न्हाई का? मग आता भिंत घालायचीच.’

‘चुकलो आबा.’

‘भिंत येईल. आन् पट्टीवर न्हाई. बरुबर मधोमध. एक फरशी माज्याकडं जास्त न्हाई, एक तुज्याकडं कमी न्हाई. परत कुनी पावलं मोजायला नको.’

लोक जेवले. मांडलेली पंगत सोडून उठायचं कसं, म्हणून जेवले. पोळ्या गार झाल्या होत्या आणि आमटी कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही.

त्यानंतर दादांनी किती विनवण्या केल्या. आईनंही मोठी आईचे पाय धरले. मोठी आई रडली, तिनं आईला उठवलं, पण आबांपुढं तिचं काही चाललं नाही. मी पुष्कळदा विचार करते की आबांना नेमकं कशानं लागलं. खोटे ठरले म्हणून नाही, हसं झालं म्हणूनही नाही. आपण वाईट ते स्वतःकडं घेतलं आणि ज्याला चांगलं दिलं त्यानंच आपल्यावर चोरीचा संशय धरला, हे त्यांना गिळता आलं नाही. दादांना वाटलं होतं, खरं कळलं की संशय जातो. संशय गेला. पण ज्याच्यावर घेतला तो माणूस परत मिळत नाही. माझी सून कधी मुलाच्या मोबाईलकडं तिरक्या नजरेनं बघते तेव्हा मला तिला काहीतरी सांगावंसं वाटतं. पण मी सांगत नाही, मला बोलता येत नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

भिंतीसाठी फरशी तोडायला रज्जाकभाईंना बोलावलं तर ते आले नाहीत. ‘फरशी लावतो मी, तोडत न्हाई,’ असा निरोप आला. त्यांचं निळीचं सूत आमच्याकडंच राहिलं होतं. गवंडी दुसऱ्या दिवशी येणार होता. समोरचं दार मधोमध होतं, म्हणून भिंत थेट दारावर येणार होती. ते दार बुजवून दोन बाजूंना दोन दारं पाडायची असं ठरलं होतं, आणि आईसाठी आमच्या अंगाला मागं वेगळी चूल घालायची. काळी पट्टी भिंतीच्या अलीकडं, आमच्या वाट्यात राहणार होती, तिच्या पलीकडच्या पिवळसर ओळींसकट.

सकाळी आबांनी मला हाक मारली. ते बैठकीच्या बाहेर उभे होते, आत आले नाहीत. म्हणाले, ‘सुमे, तुला दिसतं ना, मधोमध कुठं येतं ते? तू रेघ मार. गवंड्याचा भरवसा न्हाई.’ मी दादांकडं पाहिलं. दादांनी मान वळवली.

मला मोजावं लागलं नाही. मी डोळे मिटले आणि ती सगळी बैठक परत दिसली, कोरडी मांडून बघितली होती तशी, पट्टीशिवाय, एकसारखी, उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत. पहिली पूर्ण फरशी, जी आत येणाऱ्याला दिसावी म्हणून ठेवली होती, तिच्या बरोबर पोटातून ती रेघ जात होती. सूत निळीत बुडवलं. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. मी कुणाला हाक मारली नाही. मोठी आई आतून आली, पदर खोचून उंबऱ्यात बसली, आणि तिनं सुताचं टोक फरशीवर अंगठ्यानं दाबून धरलं. मी मागच्या भिंतीशी दुसरं टोक धरून बसले. मधे ती पांढरी बैठक. मी सूत सैलच धरलं होतं.

‘नीट वढ गं,’ मोठी आई म्हणाली. ‘काढायचीच हाय तर वाकडी नको काढू.’

मी सूत ताणलं. चिमटीनं वर उचललं, तिच्याकडं बघितलं, आणि सोडून दिलं.